परीक्षेच्या दिवशी नवा ब्रश



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातले माझे अनुभव’. मी त्यातला एकच सांगणार आहे, कारण तो एका प्रश्नाचं उत्तर आहे आणि प्रश्न विचारणारा इथेच बसलाय.

आपल्या वर्गातला एक मित्र गेली पंचवीस वर्षं डीटीपीचं काम करतो. आपली स्मरणिकाही तोच लावतोय. त्याच्या दुकानात एक जुना संगणक आहे, त्याला इंटरनेट मुद्दाम जोडलेलं नाही. जुने मराठी फॉन्ट फक्त त्यावर चालतात आणि नव्या मशीनवर तोच मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या दिसतात. गेल्या महिन्यात फोनवर तो म्हणाला, “तू त्याच लोकांतली ना गं? तुम्हाला आमचं काय पडलंय?” मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

आधी जगातलं एक मोठं उदाहरण सांगते. अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश 1984 मध्ये आला. पुढच्याच वर्षी लेझररायटर प्रिंटर आणि पेजमेकर आले आणि टेबलावर बसून पान लावण्याचा धंदा सुरू झाला. चित्रकार, छपाईवाले, संगीतकार, संकलक हे या कंपनीचे पहिले निष्ठावंत. 1999 मध्ये फायनल कट प्रो आलं. वॉल्टर मर्च यांच्यासारख्या नामवंत संकलकाने 2003 चा ‘कोल्ड माउंटन’ त्यावर संकलित केला आणि त्या संकलनाला ऑस्करचं नामांकन मिळालं.

जून 2011 मध्ये कंपनीने फायनल कट प्रो एक्स आणलं, 299 डॉलरला. पण त्यात जुने प्रोजेक्ट उघडत नव्हते. अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र जुळवण्याची सोय नव्हती. आणि त्याच वेळी जुनी आवृत्ती विक्रीतून काढली! उणिवा पुढच्या काही महिन्यांत बऱ्याचशा भरल्या गेल्या, पण तोवर कित्येकांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरची वाट धरली होती.

मग डिसेंबर 2013 मध्ये मॅक प्रो आला, काळा, गोल, दिसायला देखणा. आत नवं कार्ड किंवा जादा डिस्क बसवायला जागाच नव्हती. तीन वर्षांहून जास्त काळ त्यात काही बदल झाला नाही. एप्रिल 2017 मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी मोजक्या पत्रकारांना बोलावून कबूल केलं, की रचनाच अशी झाली की उष्णतेच्या मर्यादेमुळे पुढे वाढवता येईना. मॅकच्या विक्रीत मॅक प्रोचा वाटा एकअंकी टक्क्यांत आहे, हेही तिथेच सांगितलं.

खरं कारण या आकड्यात आहे. आयफोन जाहीर झाला त्याच दिवशी, जानेवारी 2007 मध्ये, कंपनीने आपल्या नावातला ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढून टाकला. पुढे निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त उत्पन्न फोनमधूनच येऊ लागलं. ज्यांनी पडत्या काळात साथ दिली, ते हिशेबात एका कोपऱ्यात गेले. यात दुष्टपणा कुणाचाच नाही.

पुढे, 2019 च्या अखेरीस, भरपूर जागा असलेला मॅक प्रो आला, किंमत 5,999 डॉलरपासून. 2023 मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, तिच्यात खाचा होत्या, पण ग्राफिक्स कार्ड त्यात चालत नव्हतं. न्यायाने बोलायचं तर त्यांची आजची यंत्रं उत्तम आहेत. लॅपटॉपमधून काढलेली कार्डाची खाच आणि एचडीएमआय 2021 मध्ये परतही आली. पण यंत्र चांगलं असणं वेगळं आणि भरवसा असणं वेगळं. ज्याचं पोट यंत्रावर आहे त्याला आजचा वेग पाहिजेच, पण पाच वर्षांनी आपलं काम उघडेल का, हेही माहीत असावं लागतं.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत छपाईच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. एका बैठकीत आकडे आले, की जुन्या प्रकारच्या फाइल उघडणारे लोक शंभरात एकसुद्धा नाहीत. ती सोय काढावी का, असं विचारल्यावर पहिला हात माझा वर गेला. कोड सुटसुटीत होणार होता, मला आनंदच झाला. नवी आवृत्ती गेली आणि दोन महिन्यांनी एका छोट्या छापखान्याच्या मालकांची ईमेल आली. पंधरा वर्षांचं काम त्या फाइलींमध्ये होतं. शिवीगाळ नव्हती. एवढंच विचारलं होतं, “आता हे मी कशात उघडू?”

मी दोन रविवार बसून फाइल बदलणारा छोटा प्रोग्रॅम लिहून पाठवला. बऱ्याच फाइली उघडल्या, काही नाही उघडल्या. त्यांनी आभार मानले. त्या आभारांनी मला जास्त लाज वाटली.

तेव्हा मला आपले चित्रकलेचे सर आठवले. एलिमेंटरीच्या परीक्षेआधी ते बजावायचे, “परीक्षेच्या दिवशी नवा ब्रश काढायचा नाही. हाताला ओळखीचा असेल तोच घ्या.” व्यावसायिक माणसाचा रोजच परीक्षेचा दिवस असतो. आम्ही त्याच्या हातातला ब्रश मध्येच काढून घेतो आणि वर म्हणतो, नवा छान आहे.

म्हणून आता कुठलीही सोय काढायची चर्चा निघाली की मी तीन गोष्टी मागते. जुनं आणि नवं काही काळ शेजारी-शेजारी चालावं. जुनं काम बाहेर काढायची वाट असावी. आणि काय बंद होणार ते आधी, स्पष्ट सांगावं. दर वेळी माझं ऐकलं जातं असं नाही. तुम्हीही यंत्र किंवा सॉफ्टवेअर घेताना वेगाबरोबर हेच विचारा, आणि कामाची एक प्रत दुसरीकडेही उघडेल अशा स्वरूपात ठेवा.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आम्हाला पडलेलं असतं, पण बैठकीत समोर तू नसतोस, आकडा असतो. तो हात मी वर केला होता, त्याबद्दल इथे सगळ्यांसमोर माफी मागते.

आणि हो, या भाषणाचा मजकूर तुला युनिकोडमध्ये पाठवते आहे. तुझ्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना त्यातली जोडाक्षरं नक्की तुटतील. या वेळी प्रुफं मी तपासते.