‘कबूल’ म्हणण्याआधी



आमच्या भिवंडीत बीए झालेल्या माणसाला, त्यातून तो कविता लिहिणारा असेल तर, एक काम हमखास चिकटते. मोहल्ल्यातले अर्ज लिहून देण्याचे. रेशनकार्ड, वीजबिल, शाळेचा दाखला. आजवर मी कवितांपेक्षा अर्जच जास्त लिहिले असतील.

काही वर्षांपूर्वी जुम्म्याच्या नमाजानंतर शेजारचे चाचा घरी आले. बारा साच्यांचा त्यांचा छोटा कारखाना. म्हणाले, “भाई, जमातीच्या नावे एक अर्ज लिहा. आपल्या मोहल्ल्यात नवऱ्या मुलाची एचआयव्हीची तपासणी झाल्याशिवाय कुणाचा निकाह पढवायचा नाही. सक्ती करा म्हणावं.”

चाचांचे दुःख मला माहीत होते. त्यांच्या बहिणीची मुलगी लग्नानंतर चार वर्षांनी विधवा झाली. नवऱ्याच्या आजाराचे नाव कळले तेव्हा उशीर झाला होता. मग तिचे रक्त तपासले. तिलाही लागण होती. पदरी लहान मुलगा. तो मात्र निरोगी निघाला, एवढीच अल्लाची मेहेरबानी.

मी कागद घेतला, ‘सन्माननीय सदर साहेब’ इथपर्यंत लिहिले आणि पेन थांबले. कारण मला दुसरा एक माणूस आठवला.

आमच्या मागच्या गल्लीत लूमवर काम करणारा उत्तर प्रदेशातला एक कारागीर राहायचा. एका खोलीत दहा-बारा जण, दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे तिथेच झोपायचे. ताप उतरेना म्हणून त्याने रक्त तपासले. कशाची तपासणी होते आहे, हे त्याला कुणी सांगितले नाही. रिपोर्ट त्याच्या हाती येण्याआधी मुकादमाच्या कानावर गेला. संध्याकाळी हिशेब झाला. ज्या बिशीत, म्हणजे खाणावळीत, तो जेवायचा तिथे त्याची थाळी वेगळी झाली. रात्री वळकटी बाहेर आली. गावी पत्र लिहून घ्यायला तो माझ्याकडे आला. ‘तब्येत बरी नाही, येतो आहे,’ एवढेच लिहा म्हणाला. त्यानंतर बरेच दिवस त्या गल्लीतला एकही माणूस तपासणीच्या खिडकीकडे फिरकला नाही. ज्याला शंका होती तोच सगळ्यात लांब पळाला.

चाचांची मागणी वेडगळ नव्हती. गोव्यात २००६ साली सरकारनेच लग्नाआधी ही चाचणी सक्तीची करण्याचा विचार जाहीर केला होता. महाराष्ट्रातही अशी मागणी वेळोवेळी झाली आहे. मुलीचा बाप विचारतो, हुंड्याची, पगाराची चौकशी करतो, मग रक्ताची का नको? प्रश्न खरा आहे.

पण सक्ती करून पाहिलेल्यांचा अनुभव ऐका. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये लग्नाच्या परवान्यासाठी ही चाचणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७० हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. बाधित सापडले अवघे ८. पुष्कळ जोडप्यांनी शेजारच्या राज्यात जाऊन लग्ने लावली. पुढच्याच वर्षी कायदा रद्द झाला.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. १९८९ साली डॉमनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याच्या रक्तात विषाणू आढळला. तेव्हाच्या तिथल्या कायद्याच्या आधारे पोलिसांनी त्याला नेले आणि ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. त्याचा गुन्हा काय, तर त्याने रक्त दिले. त्याच्या आईला कोर्टात जावे लागले. १९९२ मध्ये तो वारला, पण त्याआधी बाधितांसाठी संस्था उभी करून गेला.

मी चाचांना म्हणालो, “अर्ज उद्या देतो. आधी तुमच्या भाचीला विचारू.”

आम्ही दोघे गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “मामू, निकाहच्या वेळी ते तंदुरुस्त होते. बाहेरगावी कामाला गेले ते नंतर. त्या दिवशी तुम्ही तपासणी केली असती तर कागद साफच निघाला असता. तो कागद मी कपाटात जपून ठेवला असता आणि त्याच्या भरवशावर बेफिकीर राहिले असते.” थोड्या वेळाने म्हणाली, “त्यांना आपला आजार आधी कळला असावा. सांगायची हिंमत झाली नाही. लोक काय करतील, याची भीती होती.”

तिने दोन वाक्यांत सांगितले ते डॉक्टरही सांगतात. लागण झाल्यावर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, नेहमीच्या चाचणीत ती दिसत नाही. आणि दिसली नाही तरी तो निकाल त्या दिवसापुरता. पुढच्या आयुष्याची हमी कोणतीही प्रयोगशाळा देत नाही.

आज कायदाही हेच मानतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच चाचणी करावी, निकाल गुप्त ठेवावा, असे तो सांगतो. दान केलेल्या रक्ताची तपासणी अर्थातच व्हावीच लागते. पण हा कायदा बाधिताला मोकळे सोडत नाही. दुसऱ्याला लागण होऊ नये याची काळजी घेणे ही त्याची जबाबदारी आहे. आणि काम करायला सक्षम माणसाला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितले होते.

औषधेही आली आहेत. २००४ पासून सरकारी केंद्रांत ती मोफत मिळू लागली. नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे तपासणी करून घेण्यात आता फायदाच आहे. अडवते ती भीती. आणि सक्तीने भीती वाढते.

आमच्या निकाहमध्ये मुलीची मर्जी विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वकील आणि साक्षीदार जाऊन तिला विचारतात. जबरदस्तीच्या ‘कबूल’ला काही किंमत नाही. रक्ताच्या तपासणीचेही तसेच आहे, असे मला वाटते. पण ‘कबूल’ म्हणायचे तर आधी माहिती हवी, आणि प्रश्न विचारण्याची मुभा हवी. आपल्याकडे मुलीला ती मुभा कुठे असते?

म्हणून मी अर्ज बदलून लिहिला. तारीख ठरवण्याआधी मुलगा आणि मुलगी, दोघांनाही या आजाराची माहिती द्यावी. सरकारी केंद्रात चाचणी आणि समुपदेशन मोफत असते, तिथे दोघांनी मिळून जावे. निकाल त्यांनीच एकमेकांना सांगावा, जमातीने मागू नये. आणि मुलीने चाचणीचा विषय काढला तर त्याला बेअदबी समजू नये.

चाचांनी अर्ज दोनदा वाचला. “यात सक्ती कुठे आहे?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो, “शेवटच्या ओळीत. ती आपल्यावर आहे.”

त्यांनी सही केली. त्यांची भाची आता शिलाईकाम करते, गोळ्या वेळेवर घेते, मुलगा शाळेत जातो. मोहल्ल्यात लग्न ठरले की ती मुलीच्या घरी जाऊन बसते, आणि मुलीशी दार लावून बोलते. काय बोलते, ते आम्ही कुणी विचारत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)