जखमेचा कागद
(शाखेच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



वैद्यकीय बिलांच्या फायली चाळताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. जखम खरी असते, उपचार झालेला असतो, पैसे खिशातून गेलेले असतात, आणि तरी बिल कापून परत येते. कारण कागदावर जखमच नसते. ‘ड्रेसिंग केले’ एवढे दोन शब्द असतात.

रुळावर काम करणाऱ्या आपल्या एखाद्या भावाचे उदाहरण घेऊ. फिशप्लेट नडगीवर आपटते. तो हळद भरतो, फडके बांधतो आणि ड्युटी पुरी करतो. मुकादमाला तोंडी सांगतो. तिसऱ्या आठवड्यात जखम पिकते. त्याला साखरेचा त्रास असतो, म्हणून डॉक्टर ‘मधुमेही व्रण’ असे लिहून मोकळे होतात. पुढे कार्यालय म्हणते की हा साखरेचा आजार आहे, ड्युटीवरची दुखापत नव्हे. आणि कागद तेच सांगत असतो!

रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, नडगीच्या उघड्या जखमेचा संकेतांक एस ८१ आहे. प्रौढपणी सामान्यतः आढळणाऱ्या मधुमेहाचा ई ११. संकेतांक भरणारा कारकून पाय बघत नाही, डॉक्टरांचे अक्षर बघतो. म्हणून पहिल्याच दिवशी केसपेपरवर तारीख, वेळ, जागा, कशाने लागले आणि ड्युटीवर लागले, हे आले पाहिजे. मधुमेहही लिहावा, तो लपवू नये. जखम भरायला वेळ का लागतो ते त्यातूनच कळते. पण अपघात आधी.

यात केवळ बिलाचा प्रश्न नाही. २०१७ मध्ये सातव्या वेतन आयोगानंतर हॉस्पिटल लीव्हसारख्या जुन्या रजा एकत्र करून कामाशी संबंधित आजार व दुखापत रजा आली. रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतर सहा महिने पूर्ण आणि पुढे बारा महिने अर्धा. दुखापत कामामुळे झाली हे डॉक्टरांच्या दाखल्यावर नसेल तर ही रजा हातातून जाते. (ग्रामीण डाकसेवकांना हे रजेचे नियमच लागू नाहीत, तो लढा वेगळा.)

प्रत्येक ड्रेसिंगची नोंदही नीट हवी. डावा पाय की उजवा, लांबी-रुंदी-खोली किती सेंटिमीटर, मांस लाल की काळे, स्राव किती. मेलेले मांस काढले असेल तर कुठपर्यंत? कातडीपर्यंत, चरबीपर्यंत, स्नायूपर्यंत की हाडापर्यंत? वरवर खरवडणे आणि स्नायूपर्यंत कापणे ही दोन वेगळी कामे आहेत. बिलात मोठे काम आणि केसपेपरवर छोटे, असे दिसले की कात्री लागते. जखम महिनाभर चालली, पण माप एकदाही घेतले नाही, तर इतकी ड्रेसिंग कशाला, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

पोस्टमन बांधवांना कुत्रे चावते, तेव्हाही हेच. ‘कुत्रा चावला’ एवढ्याने भागत नाही. जखमेची श्रेणी लिहून घ्या. कातडी फुटून रक्त आले तर ती तिसरी श्रेणी. त्यात लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन सोडावे लागते आणि ते महाग असते. श्रेणी लिहिलेली नसली तर त्या इंजेक्शनावरच बोट ठेवले जाते. लसीच्या प्रत्येक डोसची तारीख कार्डावर आलीच पाहिजे. अर्थात आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुणे, कागद त्यानंतर.

इटारसीला, सिकंदराबादला नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांची आणखी एक अडचण आहे. डॉक्टरांची भाषा वेगळी, मग अपघाताची हकिगत अर्धीच कागदावर उतरते. तिथली भाषा जाणणारा सहकारी सोबत न्या.

आणि केसपेपर मागायला भिऊ नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.