कराची ते मुंबई : अंतर आणि अवधी

दोन शहरांमधील अंतर किती, असे विचारल्यास मनुष्य सहजच नकाशाकडे बोट दाखवितो. परंतु नकाशावरील अंतर आणि प्रवासाचा अवधी ही दोन निरनिराळी मापे होत. पहिले पृथ्वीने कायमचे ठरवून दिलेले आहे. दुसरे यंत्र, वारा आणि मनुष्याची इच्छा मिळून ठरवितात. कराची आणि मुंबई या दोन बंदरांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

विमानमार्गाने यांतील सरळ अंतर सुमारे ८७५ किलोमीटर भरते. १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच मोडत असे, आणि अधिकारी, शिक्षक, व्यापारी यांची तेथे सतत ये-जा असे. कराचीतील एका जुन्या विद्यालयाला नारायण जगन्नाथ वैद्य या महाराष्ट्रीय शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, ही त्या संबंधाची खूण होय.

त्या काळी इंग्लंडची हवाई टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीस येई. ती पुढे दक्षिणेकडे विमानानेच नेण्याचा उपक्रम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाला. जे. आर. डी. टाटा हे 'पस मॉथ' जातीचे एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन सकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस पेट्रोल भरून दुपारी जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. सरळ रेषा सौराष्ट्रावरून जाते; अहमदाबादच्या वळणाने ती वाट सुमारे १,०३० किलोमीटरांची झाली. ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाच्या विमानास तिला साडेसहा तास लागावेत, हे उघड आहे. वारा समोरून आला की अवधी वाढे. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. होकायंत्र आणि खालची भूमी हेच वाटाडे. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, तेव्हा विमानाला पुण्याचा आश्रय घ्यावा लागे.

पुढे यंत्रे सुधारली. जेट विमान ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने जाते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरूनही ही वाट दीड तासाची ठरते. १९८२ साली, पहिल्या उड्डाणास ५० वर्षे झाली त्याच दिवशी, ७८ वर्षांच्या टाटांनी जुन्या धर्तीच्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून हाच प्रवास पुन्हा एकट्याने केला.

परंतु एप्रिल २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी परस्परांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. अशा वेळी कराचीच्या प्रवाशाने दुबईमार्गे मुंबईस यावयाचे म्हटल्यास, कराची ते दुबई सुमारे १,१९० आणि दुबई ते मुंबई सुमारे १,९३० असे एकूण ३,१२० किलोमीटर अंतर पडते. निव्वळ उड्डाणाचेच जवळजवळ पाच तास होतात. दुबईच्या विमानतळावरील खोळंबा वेगळाच. तो धरल्यास १९३२ सालच्या त्या लहानशा विमानापेक्षा प्रवासी लवकर पोहोचेलच, अशी खात्री देता येत नाही.

विमानविद्येने वाऱ्यावर आणि पावसावर पुष्कळ अंशी मात केली. राज्याराज्यांतील वितुष्टावर मात्र तिच्यापाशी उपाय नाही. तो दोन्ही देशांच्या लोकांनाच शोधावा लागेल. तोपर्यंत कराची आणि मुंबई यांतील ८७५ किलोमीटर नकाशावर तसेच राहतील.