रोगाच्या दोन वाटा

श्रोतेहो, फ्लू, गोवर, कोरोना ही दुखणी एकाकडून दुसऱ्याकडे जातात कशी? वाटा दोन आहेत : हाताची आणि हवेची.

धडधाकट कातडीतून हे विषाणू आत शिरत नाहीत. पण नाक शिंकरलेल्या हाताने कुणी दाराची कडी धरली, मागून तीच तुम्ही धरली आणि नकळत डोळा चोळला, की झाले! ही वाट साबण अडवतो. फ्लू आणि कोरोना यांच्या विषाणूंवरचे स्निग्ध आवरणच तो फोडतो.

हवेची वाट अधिक फसवी. खोकल्याचे मोठे थेंब लवकर खाली पडतात. पण बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडणारे सूक्ष्म कण उदबत्तीच्या धुरासारखे खोलीत तरंगत राहतात. गोवराचा रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथली हवा बाधू शकते. २०२० साली कोरोनाच्या साथीत आपण हात धुवायला लगेच शिकलो. हवेकडे लक्ष उशिरा गेले.

म्हणून गुरुजी, थंडी आहे म्हणून वर्गाच्या साऱ्या खिडक्या लावू नका. समोरासमोरच्या दोन तरी उघड्या असू द्या. तापाने फणफणलेल्या मुलाला हजेरीसाठी बसवून ठेवू नका. त्याच्या शेजारच्या मुलाच्या घरी पाळणा हलत असेल, आणि गोवराची पहिली लस तर बाळाला नऊ महिने पुरे झाल्यावर मिळते. तोवर त्याची राखण आपणच करायची.

चुलीच्या धुराला आपण धुराडे ठेवतो ना? मग माणसांच्या श्वासालाही बाहेर जायला वाट ठेवू या.