डोंगरावरून उतरताना

चेन्नई हे समुद्रकाठच्या सपाटीवर वसलेले शहर. येथे डोंगर शोधावाच लागतो. विमानतळाजवळ सुमारे 300 फूट उंचीची एक टेकडी आहे. आपल्याकडची पर्वती चढलेल्या माणसाला तिचे काय कौतुक वाटणार! तमिळमध्ये तिला परंगिमलै, म्हणजे फिरंग्यांचा डोंगर, असे म्हणतात. इंग्रजांनी तिला सेंट थॉमस माउंट असे नाव दिले. येशूचा शिष्य थॉमस याला येथे हौतात्म्य आले, अशी ख्रिस्ती लोकांची परंपरागत श्रद्धा आहे. माथ्यावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देऊळ बांधले, आणि पुढे अठराव्या शतकात उस्कान नावाच्या एका आर्मेनियन व्यापाऱ्याने वर जाणाऱ्या पायऱ्या बांधविल्या. देव सर्वत्र आहे हे सर्वच धर्म सांगतात, तरीही माणूस त्याला भेटायला चढण चढून जातो. असे का बरे होते?

या प्रश्नाचे थोडेसे उत्तर मला अनपेक्षितपणे मिळाले. आमचे शेजारी तमिळ ख्रिस्ती. त्यांच्या मंडळीतील पंधरावीस कुटुंबे दरवर्षी मे महिन्यात तीन दिवस उपासनेसाठी येरकाडला जातात. एके वर्षी त्यांनी आग्रहाने आम्हां उभयतांनाही बरोबर नेले. रात्रीच्या गाडीने सेलम, आणि तेथून बसने वीस मोठी वळणे घेत शेवरॉय डोंगराच्या माथ्यावर. कॉफीचे मळे दिसू लागले, अंगावर शाल ओढावीशी वाटली, आणि मद्रासी उन्हाने आंबलेली माणसे एकमेकांशी मऊ आवाजात बोलू लागली.

तेथील दिनक्रम साधा होता. पहाटे घंटा होई. मग अर्धा तास कोणी कोणाशी बोलावयाचे नाही. त्यानंतर शास्त्रवाचन, गायन, आणि सर्वांनी एका पंक्तीत बसून केलेला नाश्ता. मोबाइल फोन पहिल्याच दिवशी एका टोपलीत जमा झाले होते. मुलांना याचे दुःख झाले, असे मी म्हणणार होतो. परंतु खरे सांगायचे तर अधिक कासावीस झाली ती मोठी माणसेच!

गायनाला बसलो तेव्हा मला एक गंमत कळली. हे लोक आपल्या भक्तिगीतांना 'कीर्तनै' म्हणतात. त्यांतील पुष्कळशी पदे वेदनायगम शास्त्री यांची. हे शास्त्री तंजावरचे. आपले दुसरे सरफोजी राजे आणि ते, दोघेही श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले. एक मराठी राजा झाला आणि दुसरा तमिळ ख्रिस्ती कवी. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले, त्याच्या कितीतरी आधी तमिळ देशात हे घडले होते. टाळांचा नाद कानी पडताच आमच्या सौभाग्यवतींचा हातही नकळत ताल धरू लागला.

दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येक कुटुंबाने वेगळे वर्तुळ करून बसावे आणि प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करावी, असे ठरले. आम्ही थोडे दूर बसलो होतो. आमचे शेजारी, पन्नाशी उलटलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांची पाळी आली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी देवाला सांगितले की, आपली नोकरी दोन महिन्यांपूर्वीच गेली आहे. रोज सकाळी डबा घेऊन आपण घराबाहेर पडतो आणि दिवसभर वाचनालयात बसतो. त्यांची पत्नी शेजारीच होती. ती हे प्रथमच ऐकत होती. तिने डोळे उघडले नाहीत. फक्त हात पुढे करून त्यांचा हात धरला. थोरली मुलगी रडू लागली. त्या वर्तुळात नंतर कोणी काही बोलले नाही.

रात्री मला झोप आली नाही. एका भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाचे दुःख मला कळले नव्हते, हे एक वेळ समजू शकते. परंतु एका ताटात जेवणाऱ्यांनाही ते कळू नये, आणि ते बोलण्यासाठी 350 किलोमीटर दूर येऊन पाच हजार फूट चढावे लागावे! मग वाटले, डोंगराचे काम हेच असेल. तो देवाला जवळ आणीत नाही. आपल्या रोजच्या सबबी तेवढ्या खाली ठेवावयास लावतो.

शेवटच्या सकाळी मंडळीच्या पाळकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातील कथा घेतली. येशू तीन शिष्यांसह उंच डोंगरावर जातो. तेथे त्याचे रूप तेजाने उजळते. पेत्र म्हणतो, आपण येथेच तीन मांडव घालू. परंतु मांडव घातले जात नाहीत. सर्व जण खाली उतरतात, आणि पायथ्याशी आजारी मुलाला घेऊन एक बाप त्यांची वाट पाहत उभा असतो. मला भंडाऱ्याचा डोंगर आठवला. तुकोबा तेथे एकान्तात बसत. पण त्यांचे कीर्तन ऐकायला लोक जमले ते देहूत. चेन्नईजवळच्या पल्लावरमच्या टेकडीवर 1941 साली बख्त सिंग आणि त्यांचे सोबती रात्रभर प्रार्थना करीत बसले होते. पण त्यांनी मंडळी स्थापन केली ती टेकडीवर नव्हे, तर खाली, मद्रास शहरात, माणसांच्या गर्दीत.

आम्हीही उतरलो. प्रत्येक वळणागणिक उकाडा वाढत गेला, आणि सेलमला पोचेपर्यंत सर्वांच्या हातांत फोन परत आले. माझ्या मनात शंका आली की, आता सारे पूर्ववत होणार. शेजाऱ्यांना लगेच नोकरी मिळाली नाही. घरातील खर्च आवळला गेला, मुलीने शिकवण्या धरल्या. परंतु तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता त्यांच्या घरातून गाण्याचा आवाज येतो. चार माणसांचा, थोडासा बेसूर, पण एकत्र. त्यानंतर ती चौघे बोलत बसतात. शब्द कळत नाहीत, पण कोणी काही लपवीत नाही, हे आवाजावरून कळते.

आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागे आणि सारी भावंडे शुभंकरोती म्हणत. तो नेम केव्हा सुटला, आम्हांला आठवत नाही. परवा शेजारचे गाणे सुरू झाले तेव्हा पत्नीने काही न बोलता दूरदर्शन संच बंद केला आणि समई लावली. मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आज दिवसभर तुमच्या मनात काय चालले होते, ते सांगा पाहू."

मला उत्तर द्यायला बराच वेळ लागला. पण ती थांबली.