शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑब्जेक्ट’ कसा शिकावा?
(विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषण)



संकेतस्थळे रचण्याची विद्या शिकणाऱ्या आपल्या काही मुलांना आम्ही विचारले, “ऑब्जेक्ट म्हणजे काय?” इंग्रजी व्याख्या एका दमात आली, उदाहरण मागताच मौन पडले. नोकरीच्या मुलाखतीतही मुलगा नेमका येथेच अडतो, म्हणून ह्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत.

शिरूरच्या बाजारात कांदा विकल्यावर मिळणारी पट्टी घ्या. कोरी छापील पट्टी म्हणजे ‘क्लास’: नाव, वजन, दर ह्यांच्या जागा ठरलेल्या आणि हमाली-तोलाईचा हिशेब करण्याची रीतही ठरलेली. एका शेतकऱ्याच्या नावे भरलेली पट्टी म्हणजे ‘ऑब्जेक्ट’. वजनाच्या आकड्यात कोणी परस्पर खाडाखोड करू नये, फेरतोल झाला तरच ठरल्या रीतीने तो बदलावा, ह्या बंदोबस्तालाच ‘एन्कॅप्स्युलेशन’ हे भारदस्त नाव आहे. ही कल्पना मुळी व्यवहारातूनच जन्मली. नॉर्वेतील डाल व न्यूगॉर्ड ह्यांनी खऱ्या जगातील घडामोडींची नक्कल गणकयंत्रावर उतरविण्यासाठी १९६७ साली ‘सिम्युला’ भाषेत ती आणली. संकेतस्थळांच्या पीएचपी भाषेत ती २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून नीट रुजली. जावास्क्रिप्टला ‘क्लास’ हा शब्द २०१५ साली मिळाला.

आता ‘इनहेरिटन्स’, म्हणजे वारसा. ज्ञातिसभेत हा शब्द गोड लागणारच! परंतु प्रोग्रामात वारशाची उतरंड फार चढविली, की मूळ पुरुषात केलेल्या लहानशा बदलाने सारे वंशज हादरतात. म्हणून ‘डिझाइन पॅटर्न्स’ ह्या चौघांच्या ग्रंथाने १९९४ सालीच सांगितले, की वारशापेक्षा जोडणी बरी.

जोडणी पाहावयाची तर दौंड जंक्शन आहेच. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन येथे वर्षानुवर्षे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास लावीत आले. इंजिनाच्या पोटात काय आहे, ह्याचे डब्यास सोयरसुतक नसते. कडी जुळली, की पुरे. प्रोग्रामाचे भागही असेच जोडता व सोडविता यावेत.

तेव्हा शिष्यवृत्ती देताना मंडळाने प्रमाणपत्राबरोबरच मुलाने स्वतः रचलेले एखादे चालते पान पाहावे, अशी आमची सूचना आहे. ते कांद्याच्या पट्टीचे असो वा दौंडच्या गाड्यांचे. मराठीत असले तर अधिकच उत्तम.