साठीनंतर विमान उडवितांना



माझा आवाज या वेळीं ज्या लहरींवर आरूढ होऊन आपल्या घरांत येत आहे, त्याच जातीच्या लहरींविषयीं व त्यांच्या आज्ञेनें उडणाऱ्या एका लहानशा विमानाविषयीं मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी शास्त्रज्ञ नव्हे, वैमानिक तर नव्हेच. शालान्त परीक्षेपलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं. अडतीस वर्षें मुलांना गणित शिकविलें व निवृत्त झालों. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं मी पुन्हां विद्यार्थी झालों, आणि तोहि मंद विद्यार्थी. त्याचीच ही हकीकत आहे.

विमानांची आवड नागपूरकराला मुद्दाम लावून घ्यावी लागत नाहीं. देशाच्या नकाशावर आमचें गांव मध्यभागीं आहे, व १९४९ च्या जानेवारींत रात्रीच्या टपालविमानांची योजना सुरू झाली तेव्हां या स्थानाचा सरकारनें चांगला उपयोग करून घेतला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून टपाल घेऊन निघालेलीं विमानें मध्यरात्रीं सोनेगांवच्या विमानतळावर एकत्र येत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत, व उजाडण्यापूर्वीं जेथलें तेथें परत जात. दोन तपांच्या आसपास हा क्रम चालला. उन्हाळ्यांत गच्चीवर निजणारीं आम्ही मुलें अंधारांत तो घुमघुमाट ऐकत पडत असूं, आणि आतां आलें तें विमान मुंबईचें कीं मद्रासचें, याच्या पैजा लावीत असूं. परंतु विमान हातीं येण्याचा योग त्या काळीं वहीच्या कागदापुरताच होता.

तो योग माझ्या नातीनें आणला. ती चौदा वर्षांची असून राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत आहे. त्या शाखेंत मुलांना विमानांच्या प्रतिकृति करावयास व उडवावयास शिकवितात. दिवाळीच्या सुटींत तिनें बॅटरीवर चालणारें एक विमान घरीं आणलें आणि म्हणाली, "आबा, हें तुम्हांला शिकवायचं मीं ठरवलं आहे." शिकविण्याचा हक्क आपलाच, अशी माझी आजवर समजूत होती.

तारेवांचून दूरचें यंत्र हलविण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नाव रेडिओच्या लहरींनीं चालवून दाखविली. प्रतिकृति-विमानाच्या बाबतींत पहिलें मोठें यश अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांना १९३७ च्या सुमारास मिळालें. त्यांच्या 'गफ' नांवाच्या विमानास इंजिन होतें. विजेच्या मोटरीवरील विमान १९५७ च्या जूनमध्यें इंग्लंडांत कर्नल टॅप्लिन यांनीं उडविलें. तेव्हांच्या बॅटऱ्या मात्र इतक्या जड, कीं हा प्रकार बराच काळ हौशी प्रयोगापलीकडे गेला नाहीं. वजनास हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्या तेव्हां कोठें तो घरोघरच्या मुलांच्या आटोक्यांत आला.

आमच्या विमानाचें वजन अर्ध्या किलोच्या आंत आहे, व त्याचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारें एक मीटर भरतो. अंग थर्माकोलासारखें हलकें, परंतु त्याहून चिवट अशा फोमचें आहे. पंख धडाच्या वर बसविलेला असून त्याचीं दोन्ही टोकें किंचित् वर उचललेलीं आहेत. हा उचल शोभेसाठीं नव्हे. विमान एका बाजूस कललें कीं तें त्या बाजूस घसरूं लागतें. घसरतांना खालच्या पंखास हवा अधिक तिरपी लागते, त्यामुळें तो पंख अधिक जोरानें उचलला जातो, व विमान आपण होऊन सरळ होतें. हें वाक्य श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. मला तें समजावयास दोन महिने लागले.

हातांतील पेटीस मुलें रिमोट म्हणतात. तिच्यावर दोन दांड्या असतात. आमच्या पेटींत डाव्या दांडीनें मोटरीचा वेग कमीअधिक होतो. उजवी दांडी आडवी हलविली कीं शेपटीचें सुकाणूं वळतें, व ती आपल्याकडे ओढली कीं विमान नाक वर करतें. या आज्ञा ज्या लहरींवर जातात त्यांची लांबी अवघी साडेबारा सेंटीमीटर आहे. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेंकडों मीटरांच्या असतात. जात एक, माप निराळें.

आतां उडवावयाचें कोठें? घराजवळच्या मैदानावर असें उत्तर मी देणार होतों, परंतु नातीनें मला २०२१ चे ड्रोन नियम दाखविले. रेडिओनें चालणारें खेळाचें विमानहि त्यांत येतें. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरांच्या आंत परवानगीखेरीज उड्डाण करतां येत नाहीं. ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यांत २०० फुटांपर्यंत, व त्यापलीकडे मोकळ्या क्षेत्रांत ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. विमान सदैव डोळ्यांना दिसलें पाहिजे. सोनेगांव शहराला लागूनच असल्यामुळें नागपूरचा बराचसा भाग अशा रीतीनें वगळला जातो. म्हणून नियमांचा नकाशा पाहून आम्ही भंडाऱ्याच्या वाटेनें शहराबाहेर पडलों. तिकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें शेत आहे. भात कापून झालें होतें, विजेच्या तारा दूर होत्या, व शेतमालकानें आनंदानें होकार दिला.

डिसेंबरची सकाळ, हवा थंड व निश्चळ. नातीनें आधीं रिमोट चालू केला, मग विमानांत बॅटरी जोडली. उतरल्यावर हाच क्रम उलट करावयाचा, नाहीं तर आज्ञा देणारा नसतांना मोटर भलतीच फिरूं लागण्याचा धोका असतो. तिनें सुकाणूं डावीउजवीकडे हलवून पाहिलें, वाऱ्याकडे तोंड केलें, व विमान वर न भिरकावतां समोर सरळ सोडलें. तें सुरेख वर चढलें. मग रिमोट माझ्या हातीं आला.

विमान डावीकडे थोडें कललें. मीं दांडी उजवीकडे लोटली. तें उजवीकडे कललें. मीं डावीकडे लोटली. प्रत्येक वेळीं माझा धक्का अधिक मोठा, व त्याचा झोकाहि अधिक मोठा. नवव्या सेकंदाला तें धानाच्या खुंटांत नाक खुपसून पडलें.

दुसऱ्या खेपेस तें बरेंच दूर गेलें व वळून माझ्याकडे येऊं लागलें. येथें नवशिक्याची खरी परीक्षा असते. विमान आपल्याला पाठमोरें असतां त्याचें डावें तें आपलें डावें. तें समोरून येऊं लागलें कीं त्याचें डावें तें आपलें उजवें होतें. हें मी मुलांना आरशाचें उदाहरण देऊन कितीदां तरी शिकविलें असेल! परंतु हात गणित ऐकत नाहींत. मीं उलट दांडी लोटली आणि विमान बांधावरच्या बाभळींत जाऊन अडकलें.

"आबा, दांडी सोडा म्हणून मी ओरडत होतें," नात म्हणाली. "त्याला उडतां येतं. तुम्ही सारखे मध्यें येतां, म्हणून तें पडतं."

शेतमालक मुकाट्यानें बांबू घेऊन आला. तो फांद्यांत बांबू घालीत असतां मी खालीं उभा राहून त्याच्या पाठीकडे पाहत होतों, आणि मला पस्तीस वर्षांपूर्वींची तीच पाठ फळ्यासमोर दिसूं लागली. भूमितींत तो कच्चा होता. मी त्याला रोज फळ्यापाशीं उभा करीत असें. पट्टी तिरपी ठेवली कीं टोकीत असें. ती सरळ करावयास गेला कीं तेवढ्यांत पुन्हां टोकीत असें. आठवीच्या सहामाहीनंतर तो शाळेंत आला नाहीं. हजेरीपटांत मीं 'घरची शेती' असें कारण लिहिलें. तें खोटें नव्हतें. परंतु तेंच एक कारण होतें, असें मात्र मला कधीं वाटलें नव्हतें.

विमान खालीं आलें. मी त्याला म्हटलें, "तुला मीं त्या वेळीं फार टोकलें."

तो विमानाचे कांटे काढीत होता. "हो गुरुजी," तो म्हणाला, "तवा तुम्ही मले दमच नव्हते घेऊ देत." इतकें बोलून तो चहा आणावयास गेला. त्याच्या स्वरांत राग नव्हता, आणि क्षमाहि केली असें तो म्हणाला नाहीं. मीहि तें अपेक्षूं नये.

त्यानंतर सहा आठवडे मी अभ्यास केला. संगणकावर विमान उडविण्याचा एक खेळ असतो. त्यांत पडलेलें विमान चिकटपट्टीशिवाय पुन्हां उभें राहतें. रोज अर्धा तास मी त्यांत समोरून येणारें विमान वळवीत बसें. नातीनें एक युक्ति सांगितली : विमान समोरून येत असतां जो पंख खालीं झुकला असेल, त्याच्या बाजूला दांडी न्यावी, जणूं आपण त्याला खालून टेकू देत आहों. ही युक्ति आरंभीं फार उपयोगी पडते. पण खरें सांगावयाचें तर विमानांत स्वतः बसल्याची कल्पना करावयास शिकल्याखेरीज हा गोंधळ पुरता जात नाहीं. बाहेर उभें राहून आंतल्याचें डावेंउजवें ठरवूं लागलें कीं चूक होतेच.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही पुन्हां त्या शेतावर गेलों. संक्रांतीचे दिवस मुद्दाम टाळले, कारण पतंगांचा मांजा विमानाच्याहि गळ्याला लागतो. विमान उंच चढवून मीं मोटरीचा वेग निम्म्यावर आणला व उजवी दांडी चक्क सोडून दिली. विमान थोडें डुललें आणि सरळ झालें. तें माझ्याशिवाय उडत होतें! मग वळावयाचें तेव्हां दांडीला बोटाचा अगदीं हलका भार, आणि लगेच सुटका. सहा मिनिटें तें आकाशांत होतें. एक घार कुतूहलानें जवळ आली व निघून गेली. शेवटीं वाऱ्याकडे तोंड करून मीं मोटर बंद केली, आणि तें तरंगत येऊन खुंटांवर टेकलें.

ज्यांना हा छंद करावयाचा असेल त्यांच्यासाठीं अनुभवाचे चार बोल सांगतों. पहिलें विमान लढाऊ विमानासारखें दिसणारें घेऊं नये. उंच पंखाचें व संथ गतीचें घ्यावें. बॅटरी सूचनापत्रांत दाखविलेल्या जागींच बसवावी, कारण भार मागें सरकला तर विमान आवरत नाहीं. चूक सुधारावयास अवधि मिळावा म्हणून आरंभीं नियमांत बसेल तेवढ्या उंचीवर राहावें. नाक वर ओढून वेग मंदावला, तर घाबरून आणखी ओढूं नये. नाक खालीं जाऊं द्यावें, वेग परत येतो. आपल्याकडे उन्हाळ्यांत सकाळीं आठानंतर तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात, म्हणून उजाडतांच जावें. लिथियम बॅटरीचा एकेक घट पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट दाखवितो. ३ व्होल्टांच्या खालीं उतरला तर तो बिघडतो. यासाठीं घड्याळ लावून उडवावें. भरत लावलेली बॅटरी सोडून कोठें जाऊं नये, व फुगलेली पुन्हां वापरूं नये. आणि माणसांच्या डोक्यांवरून विमान कधींहि नेऊं नये.

त्या दिवशीं शेतमालकाची धाकटी मुलगी बांधावर बसून सारें पाहत होती. आमचें उड्डाण संपल्यावर तिनें विचारलें, "मी उडवू?" नातीनें दुसरी बॅटरी जोडून विमान वर चढवून दिलें. मीं रिमोट मुलीच्या हातांत ठेवला, दांड्यांचीं कामें एकदां सांगितलीं, आणि दोन्ही हात पाठीमागें बांधून उभा राहिलों. विमान कललें. माझी जीभ टाळूला लागली होती. पण मी बोललों नाहीं. तिनें उलट दांडी लोटली. मी बोललों नाहीं. अकराव्या सेकंदाला विमान खुंटांत पडलें व त्याचें नाक मोडलें.

बापानें माझ्याकडे पाहिलें, मुलीनें बापाकडे पाहिलें. मीं पिशवींतून गोंद व चिकटपट्टी काढली आणि म्हटलें, "माझ्यापेक्षां दोन सेकंद अधिक झालीं. बैस, आधीं नाक जोडूं."

तें नाक आतां थोडें वांकडें आहे. विमान त्याच्यासकट उडतें. येत्या रविवारीं पुन्हां जावयाचें आहे.